हिरवं केंद्रक, लाल केंद्रक: जिवंत झेब्राफिशमध्ये पेशीविभाजन पाहण्याची पहिली तयारी

पेशी किती वेगाने वाढतायत हे मोजायचा जुना आणि भरवशाचा मार्ग असा: ऊतक फिक्स करायचं, त्यावर अँटिबॉडी लावायची आणि विभाजनाच्या ऐन क्षणी सापडलेल्या पेशी मोजायच्या. उत्तर मिळतं, पण ते एका क्षणाचं. जिच्यावर खूण दिसते ती पेशी तासाभरापूर्वी काय करत होती, पुढे तिचं काय होणार होतं, हे कळायला मार्ग उरत नाही. प्राणी तिथेच संपलेला असतो.

ट्रान्सजेनिक झेब्राफिश, म्हणजे ज्याच्या डीएनएत बाहेरून एक जनुक (ट्रान्सजीन) बसवला आहे असा मासा, आपल्याला ती पुढची-मागची गोष्ट दाखवतो. अंडी आईच्या शरीराबाहेर फळतात आणि भ्रूण काचेसारखं पारदर्शक असतं. २८.५ अंश सेल्सिअसला पहिलं विभाजन पाऊण तासात होतं आणि त्यानंतर बराच वेळ दर पंधरा मिनिटांनी पेशी दुप्पट होत जातात. चोवीस तासांत हृदय धडधडताना दिसतं. अशा भ्रूणाच्या पेशींमध्ये विभाजनाच्या टप्प्यानुसार रंग बदलणारं प्रथिन घातलं, की मायक्रोस्कोपखाली एकेका पेशीचा माग काढता येतो.

हा लेख पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी आहे. फिश रूममध्ये तुम्ही नवीन आहात, कॉन्फोकल मायक्रोस्कोप कुणीतरी एकदा दाखवलाय, आणि आता स्वतःची पहिली फिल्म घ्यायची आहे, असं धरून लिहितो आहे.

आधी रंगाचा अर्थ समजून घ्या

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

पेशीचक्राचे चार टप्पे तुम्हाला माहीत आहेत: जी१, मग डीएनएची नक्कल होते तो एस, मग जी२, आणि प्रत्यक्ष विभाजनाचा एम. या चक्रात दोन प्रथिनं आळीपाळीने येतात आणि जातात. सीडीटी१ हे प्रथिन जी१मध्ये असतं आणि एस सुरू झाला की मोडलं जातं. जेमिनिन हे दुसरं प्रथिन एस, जी२ आणि एममध्ये असतं. विभाजन संपता संपता पेशी ते नष्ट करते आणि जी१भर साठू देत नाही. दोन्ही वेळी मोडतोड करणारी यंत्रणा पेशीची स्वतःची असते.

जपानमधल्या रिकेन संस्थेत आत्सुशी मियावाकी यांच्या गटाने २००८मध्ये नेमका याचाच उपयोग केला. सीडीटी१चा एक तुकडा नारिंगी-लाल चमकणाऱ्या प्रथिनाला जोडला आणि जेमिनिनचा तुकडा हिरव्या प्रथिनाला. तुकडेच का, पूर्ण प्रथिनं का नाहीत? पूर्ण प्रथिन जास्तीचं घातलं तर ते पेशीचक्रातच ढवळाढवळ करील. तुकड्यात फक्त ‘मला आता मोडा’ हा संदेश वाचला जाण्यापुरता भाग ठेवलेला असतो. या संचाला फुची म्हणतात. २००९मध्ये झेब्राफिशच्या स्वतःच्या सीडीटी१ आणि जेमिनिनचे तुकडे वापरून त्याची माशासाठीची आवृत्ती, झी-फुची, तयार झाली.

म्हणजे लाल केंद्रक जी१मधलं आणि हिरवं केंद्रक एस, जी२ किंवा एममधलं. इथवर सगळं सोपं वाटतं. आता न चुकता लक्षात ठेवायच्या चार गोष्टी सांगतो.

एक, हिरवी पेशी म्हणजे ‘आत्ता विभागणारी’ पेशी नव्हे. ती चक्रात शिरली आहे, इतकंच त्यातून कळतं. जी२मध्ये थांबून राहिलेली पेशीसुद्धा हिरवीच दिसते. खरोखरच विभाजन चालू असलं की केंद्रकाचं आवरण विरघळतं आणि हिरवा रंग केंद्रकातून निघून सगळ्या पेशीभर पसरतो. पेशी गोल होते, एका गोळ्याचे दोन होतात, आणि थोड्याच वेळात दोन्हींचा रंग मावळतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की पुढे कधी ओळखायला चुकणार नाही.

दोन, विभाजनानंतर नव्या पेशी काही काळ जवळजवळ काळ्या असतात. हिरवं प्रथिन मोडलेलं असतं आणि लाल अजून पुरेसं साठलेलं नसतं. शिवाय प्रथिन तयार झालं तरी त्याचा चमकणारा गाभा पक्व व्हायला वेळ लागतो. त्यामुळे ‘रंग नाही म्हणजे ट्रान्सजीन नाही’ असं समजून या पेशी गणतीतून वगळू नका.

तीन, लाल रंग साठत जातो. जी पेशी कायमची थांबली आहे, उदाहरणार्थ तयार झालेला स्नायूतंतू, तिच्यात लाल प्रथिन दिवसेंदिवस जमा होतं आणि ती सगळ्यात प्रखर दिसते. तिच्या तुलनेत नुकतीच जी१मध्ये आलेली, पुन्हा विभागायच्या बेतात असलेली पेशी फिकट लाल असते. दोघी लाल असल्या तरी एक थांबलेली असते आणि दुसरी चालती. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये स्नायूंच्या झगमगाटाला जुळवून मी कॅमेऱ्याची संवेदनशीलता कमी केली आणि ज्यांच्यासाठी प्रयोग मांडला होता त्या फिकट लाल पेशी चित्रात आल्याच नाहीत. तेव्हापासून मी आधी फिकट पेशींकडे पाहून सेटिंग ठरवतो. स्नायू जळून पांढरे दिसले तरी चालतात.

चार, अगदी सुरुवातीच्या तासांत या रंगांकडून काही अपेक्षा ठेवू नका. पहिल्या तीनेक तासांतली विभाजनं एस आणि एम यांच्यातच उड्या मारतात, जी१ आणि जी२ त्यात जवळजवळ नसतातच. भ्रूणाची स्वतःची जनुकं तेव्हा मुख्यतः झोपलेली असतात आणि आईने अंड्यात भरलेल्या साठ्यावर सगळं चालतं. फुचीचा खरा उपयोग त्यानंतर सुरू होतो.

तुमच्या प्रश्नासाठी कोणता मासा?

फुची ही एकमेव वाट नाही. प्रश्न काय आहे त्यावर लाइन, म्हणजे ठरावीक ट्रान्सजीन पिढ्यानपिढ्या वाहणारा माशांचा वंश, ठरवा.

विभाजन नेमकं कधी झालं आणि कोणत्या दिशेला झालं हे पाहायचं असेल, तर हिस्टोनला (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रथिन) जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेली लाइन घ्या. एच२ए हिस्टोनची अशी लाइन बरीच वापरली जाते. तिच्यात सगळी केंद्रकं एकाच रंगात दिसतात. पण गुणसूत्रं एका रेषेत येणं, मग दोन बाजूंना खेचली जाणं, हे फार सुरेख दिसतं. टप्पा मात्र फक्त एमच कळतो.

एस टप्पा ओळखायचा असेल तर पीसीएनए हे प्रथिन उपयोगी. डीएनएची नक्कल चालू असलेल्या जागी ते गोळा होतं, त्यामुळे एसमध्ये केंद्रकात ठिपके दिसतात. पण हे ठिपके दिसण्याइतकं चांगलं भिंग आणि उथळ जागा हवी. पहिल्या प्रयोगासाठी मी हे सुचवणार नाही.

पेशी थांबली आहे की पुन्हा निघण्याच्या तयारीत आहे, हा प्रश्न असेल तर सीडीके सेन्सर बघा. २०२०मध्ये झेब्राफिश आणि सी. एलिगन्स कृमी या दोघांसाठी तो प्रसिद्ध झाला. सीडीके या एन्झाइमची क्रिया वाढत जाईल तसं चमकणारं प्रथिन केंद्रकातून बाहेर पेशीद्रवात जातं. केंद्रकातली चमक आणि बाहेरची चमक यांचं गुणोत्तर काढायचं. प्रथिन बनण्या-मोडण्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून उत्तर लवकर मिळतं. मोबदल्यात प्रत्येक पेशीची केंद्रकाची सीमा नीट आखावी लागते.

झी-फुचीच्या सुरुवातीच्या लाइन्समध्ये लाल आणि हिरवा हे दोन वेगवेगळे ट्रान्सजीन होते. २०१४मध्ये ड्युअल फुची नावाची लाइन आली. तिच्यात दोन्ही प्रथिनं एकाच ट्रान्सजीनमधून येतात, पण जेमिनिनचा रंग हिरव्याऐवजी निळसर आहे. तो उजळवणारा लेसर तुमच्या मायक्रोस्कोपवर आहे का, हे मासे मागवण्याआधी पाहून घ्या.

पहिल्याच प्रयोगासाठी स्वतःची लाइन बनवू नका. बनवायची पद्धत कळली म्हणजे पुरे: मेडाका माशातून मिळालेल्या टोल२ ट्रान्सपोझॉनच्या, म्हणजे जीनोममध्ये उडी मारून बसणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या, दोन टोकांमध्ये आपला जनुक ठेवायचा आणि एकपेशीय भ्रूणात तो ट्रान्सपोझेस एन्झाइमच्या आरएनएसोबत टोचायचा. जे मासे मोठे होतील त्यांच्या काहीच पेशींत ट्रान्सजीन बसलेला असतो, म्हणून त्यांची पिल्लं तपासून ज्यांच्या सगळ्या पेशींत तो उतरला आहे ती वेगळी काढायची. झेब्राफिशची एक पिढी साधारण तीन महिन्यांची, तेव्हा हातात विश्वासार्ह लाइन यायला वर्ष जवळ येतं.

क्रॉस लावणे आणि अंडी सांभाळणे

आदल्या संध्याकाळी क्रॉस लावा: नर आणि मादी एकाच पेटीत, मध्ये पडदा. फिश रूममध्ये सहसा १४ तास उजेड आणि १० तास अंधार असतो. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. अंडी बहुधा पहिल्या अर्ध्या तासात मिळतात. पडदा काढल्याची वेळ वहीत लिहा, कारण भ्रूणाचं वय त्यावरूनच मोजायचं आहे.

क्रॉस कसा निवडावा याबद्दल एक मनापासूनची सूचना. लाल आणि हिरवा ट्रान्सजीन वेगवेगळ्या लाइन्समध्ये असतील, आणि दोन्ही पालकांकडे त्या-त्या ट्रान्सजीनची एकच प्रत असेल, तर एकाच घाण्यात चारही प्रकार निघतात: साधारण पाव भाग दोन्ही रंगांचे, पाव फक्त लाल, पाव फक्त हिरवे, पाव बिनरंगाचे. नवीन माणूस दोन्ही रंगांचे ठेवून बाकीचे फेकून देतो. फेकू नका! एका रंगाची भावंडं एका रंगाचा उजेड दुसऱ्या चॅनलमध्ये किती झिरपतो ते सांगतात. बिनरंगाची भावंडं ऊतकाची स्वतःची चमक किती आहे ते सांगतात. त्याच आईबापांची, त्याच वयाची, त्याच पाण्यातली अशी कंट्रोल्स वेगळी बनवता येत नाहीत.

अंडी गाळून ई३ द्रावणात (भ्रूणं वाढवायचं सौम्य खारं पाणी) ठेवा आणि एका पेट्री डिशमध्ये पन्नास-साठहून जास्त ठेवू नका. दुपारी पांढरी पडलेली, न फळलेली अंडी काढून टाका, नाहीतर पाणी खराब होतं. बुरशी रोखायला मिथिलिन ब्ल्यू घालायची पद्धत आहे, पण ते स्वतःच चमकतं. इमेजिंगच्या डिशमध्ये मी ते घालत नाही. त्याऐवजी पाणी रोज बदलतो.

दुसऱ्या दिवसापासून अंगावर काळे रंगकण यायला लागतात आणि ते उजेड अडवतात. यावर नेहमीचा उपाय पीटीयू (फिनाइलथायोयुरिया, रंगकण बनणं रोखणारं रसायन): ०.००३ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर ई३मध्ये ३ मिलिग्रॅम. ते २४ तासांच्या आत सुरू करावं लागतं, कारण एकदा तयार झालेला रंग ते पुसत नाही. पीटीयू थायरॉइडच्या कामात अडथळा आणतं, तेव्हा स्वतःसाठी हातमोजे आणि प्रयोगासाठी पीटीयू दिलेलेच कंट्रोल्स, दोन्ही पाळा. तुमचा प्रश्नच वाढीबद्दलचा असताना एका गटाला पीटीयू आणि दुसऱ्याला नाही असं झालं, तर आलेला फरक कशाचा हे सांगता येणार नाही. मोठ्या वयाचे मासे पाहायचे असतील तर कॅस्पर ही रंगहीन म्यूटंट लाइन २००८पासून उपलब्ध आहे. तुमच्या फुची माशांचा तिच्याशी संकर करून ठेवणं ही पुढे फार उपयोगी पडणारी गुंतवणूक आहे.

चोवीस तासांनी निवड

फ्लुओरेसन्स स्टीरिओमायक्रोस्कोपखाली भ्रूणं पाहा. मेंदू आणि डोळे या वयात जोरात वाढत असतात, म्हणून हिरवा रंग तिथे शोधा. बलक स्वतःच हिरवट चमकतो. त्याला ट्रान्सजीन समजू नका. शंका आली की बिनरंगाचं भावंड शेजारी ठेवून बघा. ट्रान्सजीन काही पिढ्यांनी मुका होत जाऊ शकतो, त्यामुळे पुढच्या पिढीसाठी मासे वाढवतानाही दरवेळी ही निवड करायला हवी.

भूल आणि माउंटिंग

हाताचं कौशल्य इथे लागतं आणि ते वाचून येत नाही. दहा-वीस साधी, ट्रान्सजीन नसलेली भ्रूणं घेऊन आधी सराव करा.

भुलीसाठी ट्रायकेन. साठ्याचं द्रावण ०.४ टक्के, ट्रिस बफरने पीएच ७ला आणलेलं. हे विसरलात तर द्रावण आम्लधर्मी राहतं आणि मासे त्यानेच आजारी पडतात. १०० मिलिलिटर ई३मध्ये साठ्यातलं साधारण ४ मिलिलिटर घातलं की ०.०१६ टक्के होतं. भ्रूण हलायचं थांबलं पाहिजे, हृदय मात्र नीट चालू राहिलं पाहिजे. रात्रभराच्या फिल्मसाठी मात्रा जरा कमी करून बघा आणि तुमच्या वयाच्या भ्रूणांसाठी जी चालते ती लिहून ठेवा.

अंड्याचं कवच दोन बारीक चिमट्यांनी सोलून काढा. मग लो-मेल्टिंग अगारोज: ई३मध्ये १ टक्का, वितळवून ३७ ते ४० अंशांच्या ब्लॉकमध्ये ठेवलेलं, त्यातही ट्रायकेन मिसळलेलं. माझ्या एका संध्याकाळची सगळी मेहनत याच तापमानावरून वाया गेली होती. ब्लॉक गरम आहे असं धरून चाललो, प्रत्यक्षात तो बराच जास्त गरम होता. भ्रूणं बाहेरून ठीक दिसत होती, पण शेपटीत रक्त थांबलं होतं आणि मी ते न बघताच फिल्म सुरू केली. तेव्हापासून थर्मामीटर थेट अगारोजच्या नळीत बुडवून बघतो, आणि माउंट केल्यावर हृदय आणि शेपटीतलं रक्त दोन्ही पाहिल्याशिवाय लेसर लावत नाही.

क्रम असा:

१. भ्रूण ड्रॉपरमध्ये घ्या आणि सोबत येणारं पाणी होईल तितकं कमी करा. जास्त पाणी गेलं तर अगारोज पातळ होऊन नीट गोठत नाही.

२. अगारोजच्या नळीत भ्रूण बुडू द्या आणि लगेच थेंबभर अगारोजसकट काचेच्या तळाच्या डिशमध्ये सोडा.

३. बारीक, बोथट टोकाने भ्रूण हवं तसं वळवा. मायक्रोस्कोप खालून पाहणारा असेल तर जो भाग पाहायचा तो काचेला टेकलेला हवा. वरून पाहणारा, पाण्यात बुडणारा ऑब्जेक्टिव्ह असेल तर तो भाग वर.

४. अगारोज गोठेपर्यंत लक्ष ठेवा, कारण भ्रूण हळूच कलंडतं.

५. वर ट्रायकेन घातलेलं ई३ ओता.

फिल्म काही तासांहून मोठी असेल तर आणखी एक काम. दुसऱ्या दिवशी भ्रूणाचं शरीर लांबत जातं आणि घट्ट अगारोजमध्ये शेपटी वाकडी होते. शेपटीभोवतीचं अगारोज धारदार टोकाने काढून टाका आणि फक्त डोकं व बलक धरून ठेवा. विभाजन मोजायला आलो आणि मासा वाढायलाच जागा ठेवली नाही, असं होऊ देऊ नका.

मायक्रोस्कोपवर

स्टेज २८.५ अंशांना स्थिर होईपर्यंत थांबा. मासा गार पडला की पेशीचक्र मंदावतं. सोमवारची फिल्म २४ अंशांना आणि बुधवारची २८ला घेतली, तर दोन्हींची तुलना होऊ शकत नाही.

हिरव्या आणि लाल रंगांचे लेसर एकाच वेळी नको, एकामागून एक चालवा. एका रंगाच्या भावंडांवर आधी झिरप तपासा. लेसरची ताकद जेवढ्यात फिकट केंद्रकं पार्श्वभूमीतून वेगळी दिसतात तेवढीच ठेवा. देखणं छायाचित्र आणि मोजण्याजोगी फिल्म यांच्या गरजा वेगळ्या आहेत. मोजण्यासाठी थोडं खरबरीत चित्र चालतं, मात्र भाजलेला मासा चालत नाही. लाइट-शीट मायक्रोस्कोप उपलब्ध असेल तर मोठ्या फिल्म त्याच्यावर घ्या, कारण तो एका वेळी फक्त पाहायची पातळीच उजळवतो.

किती मिनिटांनी एक चित्र? फुचीचा रंग तासांच्या हिशेबाने बदलतो, म्हणून दर दहा मिनिटांनी पुरतं. हिस्टोनच्या लाइनमध्ये गुणसूत्रांची हालचाल पकडायची तर दोन-तीन मिनिटांहून जास्त अंतर ठेवता येत नाही. झेडमधल्या (खोलीच्या दिशेच्या) पायऱ्या दीड-दोन मायक्रॉनच्या ठेवा, म्हणजे प्रत्येक केंद्रक निदान दोन-तीन पातळ्यांवर सापडतं.

खोलीबद्दल एक इशारा. ऊतकात आत जावं तसा हिरवा उजेड लाल उजेडापेक्षा जास्त विखुरला जातो. त्यामुळे खोलवरच्या पेशी आहेत त्यापेक्षा ‘कमी हिरव्या’ भासतात आणि ‘आतल्या पेशी विभागत नाहीत’ असा निष्कर्ष फार सहज निघतो. वेगवेगळ्या भ्रूणांची तुलना करताना सारख्याच खोलीवरच्या पेशी घ्या.

पहिला प्रयोग: कापलेला शेपटीचा पर

मेंदू किंवा रेटिना फार आकर्षक आहेत. रेटिनात विभागणाऱ्या पेशींची केंद्रकं वर-खाली प्रवास करतात आणि विभाजन कायम बाहेरच्या कडेलाच होतं, हे पाहण्यासारखंच आहे. पण सुरुवात शेपटीच्या परापासून करा. तो इतका पातळ आहे की खोलीचा प्रश्न जवळजवळ उरत नाही, आणि तो पुन्हा वाढतो.

दोन दिवसांच्या पिल्लाला भूल द्या आणि नव्या पात्याने पराचं टोक कापा. कणा होण्याआधीचा मधला दांडा, म्हणजे नोटोकॉर्ड, त्याला धक्का लावू नका. तो कापला गेला तर प्रयोगच बदलतो. निम्मी भावंडं न कापता ठेवा. कापल्यावर लगेच, सहा तासांनी, चोवीस तासांनी आणि अठ्ठेचाळीस तासांनी त्याच माशांची चित्रं घ्या, मध्ये त्यांना मोकळं पोहू द्या. पर साधारण तीन दिवसांत भरून येतो.

पहिल्या काही तासांत जखम मिटते, पण ते काम पेशी सरकून करतात, विभागून नव्हे. ‘जखम भरतेय म्हणजे पेशी वाढतायत’ हा समज इथेच गळून पडतो. हिरव्या केंद्रकांची गर्दी नंतर वाढते आणि चोवीस तासांच्या आसपास ती न कापलेल्या भावंडांशेजारी ठेवून सहज ओळखू येते. ही गर्दी कापलेल्या कडेपासून किती लांबपर्यंत जाते ते मोजा.

रंग खरं बोलतोय याची खातरजमा दोन प्रकारे करा. काही माशांना ठरावीक वेळ ईडीयू (डीएनएच्या एका घटकासारखं, नंतर रंगवून पाहता येणारं रसायन) देऊन फिक्स करा. ते फक्त डीएनएची नक्कल करणाऱ्या पेशींत शिरतं, म्हणून ईडीयू असलेली केंद्रकं हिरव्यांमध्येच सापडली पाहिजेत. एसच्या अगदी उंबरठ्यावरच्या काही पेशींत हिरवा रंग अजून चढलेला नसेल, तेवढी सूट द्या. दुसऱ्या गटाला हायड्रॉक्सीयुरिया २० मिलीमोलर आणि अफिडिकोलिन १५० मायक्रोमोलर एकत्र द्या. ही जोडी डीएनएची नक्कल रोखते, आणि एमपर्यंत पोचणाऱ्या पेशी फार कमी झाल्या पाहिजेत. पण यात एक खाच आहे. एसमध्ये अडकलेल्या पेशी हिरव्याच राहतात. म्हणजे विभाजन थांबलं तरी हिरवा रंग कमी होणार नाही, उलट वाढेलही. ‘हिरवं म्हणजे विभाजन’ असं धरून बसलेल्याला हा निकाल उलटा वाटतो. म्हणून या गटात गोल झालेल्या, प्रत्यक्ष विभागणाऱ्या पेशी मोजा.

मोजणी

सॉफ्टवेअरकडे धावण्याआधी पहिल्या तीन माशांच्या पेशी हाताने मोजा. त्यानंतर फिजी हे चित्रांवर मोजमाप करायचं सॉफ्टवेअर आणि त्यातलं पेशींचा माग काढणारं ट्रॅकमेट पुरेसं आहे. त्याने काढलेल्या आकड्यांची तुमच्या हातच्या मोजणीशी तुलना करा. कुठल्या चमकेला ‘हिरवं’ म्हणायचं ती सीमा बिनरंगाच्या भावंडांवरून ठरवा आणि एकदा ठरवल्यावर सगळ्या माशांना तीच लावा. फाइलची नावं दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा, म्हणजे कापलेला कोणता आणि न कापलेला कोणता हे मोजताना तुम्हाला माहीत नसेल.

हिरव्या पेशींची नुसती संख्या सांगू नका. एकूण किती केंद्रकांपैकी, हेही सांगा, आणि त्या एकूणात मघाच्या काळ्या पेशी धरल्यात की नाही तेही. नमुन्यांची संख्या म्हणजे माशांची संख्या. एका माशातल्या दोनशे पेशी म्हणजे दोनशे नमुने नव्हेत. चित्रं छापताना लालऐवजी किरमिजी रंग वापरा. लाल-हिरवा फरक न दिसणारे वाचक पुष्कळ असतात.

माशाची जबाबदारी

काम सुरू करण्याआधी संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची परवानगी घ्या. युरोपीय संघाच्या नियमांत स्वतः अन्न मिळवू लागलेलं पिल्लू संरक्षित प्राणी ठरतं, आणि झेब्राफिशसाठी ही मर्यादा सहसा पाच दिवसांची धरतात. इतर ठिकाणी ती वेगळी असू शकते. तुम्हाला लागू असलेला नियम आधी वाचा, त्यानुसार प्रयोगाचे दिवस ठरवा. पर कापताना भूल पूर्ण चढली आहे हे शेपटीला हलकेच स्पर्श करून तपासा.

फिल्म संपली की मासा अगारोजमधून चिमट्याने हळूच सोडवा आणि स्वच्छ ई३मध्ये ठेवा. काही मिनिटांत तो हलायला लागला पाहिजे. अगारोजमध्ये ठेवलेलं पण लेसर न लावलेलं एक भावंड आणि कधीच माउंट न केलेलं एक भावंड, दोघांना त्याच्या शेजारच्या डिशमध्ये ठेवा. पाचव्या दिवशी तिघांच्याही हवेच्या पिशव्या भरल्या आहेत का, शरीर सरळ आहे का, टोचल्यावर पळतात का, ते पाहून वहीत लिहा. फक्त लेसर लागलेला मागे पडला असेल तर ती फिल्म मोजणीत घेऊ नका. लेसर निम्म्यावर आणा, चित्रांमधलं अंतर वाढवा आणि नवीन क्रॉस लावा.